मागच्या दाराची रजा

उदोनच्या जाड शेवयांसाठी ठेवलेल्या पाण्याला उकळी फुटून झाकण थडथडायला लागलं, तरी इत्सुकोचं लक्ष नव्हतं.

"अगं, उतू जाईल ना!" मासुमी वहिनीने धावत येऊन झाकण काढलं. "कांद्याची पात चिरतेयस की तिचा भुगा करतेयस? पाहुणे यायच्या आत उदोन हवंय. आप्पांच्या श्राद्धाला आधी वाटीभर उदोन नाही मिळालं, तर तुझा धाकटा भाऊ ओसाकापर्यंत बोलत जाईल."

"चिरतेय गं," इत्सुको म्हणाली.

आप्पांचं, म्हणजे इत्सुकोच्या वडिलांचं, तेराव्या वर्षाचं श्राद्ध होतं. 'मोरिकाने' या घराण्याचा हातमोज्यांचा कारखाना त्यांनीच उभा केलेला. घराला लागून कारखाना, आणि कारखान्याच्या मागे समुद्र. अकराला देवळातले महाराज येणार, मग जेवणं, आणि जेवणानंतर बोलणं. त्या बोलण्यापायीच इत्सुको रात्रभर कुशी बदलत पडली होती.

तेवढ्यात चिनात्सु आत आली. थोरल्या भावाची, शिगेहारुची, आणि मासुमी वहिनीची ही एकुलती एक पोरगी. छत्तीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी ओसाकाची नोकरी सोडून कारखान्यात आलेली. अंगावर श्राद्धाचे काळे कपडे, काखेत फाइल आणि चेहरा असा, की बारशाला निघालीय असं वाटावं.

"आत्या, दोनशे चाळीसवरून दोनशे अडुसष्ट! रोजचे जोड! आणि सहा महिन्यांत रजा किती झाल्या? एकतीस! काका आता काय बोलतात तेच बघते मी."

"हो का? छान झालं," इत्सुको म्हणाली आणि उरलेल्या पातीचाही भुगा केला.

छान कसलं, डोंबल. चिनात्सुच्या आकड्यात काय दडलंय, ते या घरात एकट्या इत्सुकोला ठाऊक होतं.

कारखान्यात तेवीस माणसं. चिनात्सु आली तेव्हा तिने जुनी दप्तरं काढून बघितलं, तर अख्ख्या वर्षात सगळ्यांनी मिळून भरपगारी रजा घेतली होती चार दिवस, आणि त्यातले तीन दिवस मयतीचे. सरकारचा नियम माणशी निदान पाच दिवसांचा, तो कागदावर. पोरीने कपाळावर हात मारून घेतला. पण रजा घ्यायची म्हणजे काय सोपं होतं? आधी महिनाभर चोरट्यासारखं तोंड करून अर्ज द्यायचा. परत येताना मिठाईचा डबा आणायचा. मग एकेका टेबलापाशी जाऊन वाकायचं, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला' म्हणायचं. एवढं सगळं करण्यापेक्षा कामावर आलेलं काय वाईट?

चिनात्सुने दोन गोष्टी केल्या. एक बरी केली. प्रत्येक काम दोघांना यायलाच हवं, असं ठरवलं. कापणारा तोकुदा एकटाच कातडं कापायचा, त्याच्या हाताखाली एक जण दिला. हातमोज्यात सगळ्यात अवघड काम अंगठा बसवायचं. मेंढीचं कातडं चुणी न पडू देता वळणावर कसं ढिलं सोडायचं, हे आप्पांनी एकट्या इत्सुकोला शिकवलं होतं, ती एकोणीस वर्षांची असताना. त्रेचाळीस वर्षं झाली त्याला. आता तिच्या शेजारी मिवाला बसवलं. सत्तावीस वर्षांची मुलगी, पदरात एक लहान पोर, बोटं मात्र हुशार.

दुसरी गोष्ट चिनात्सुने केली ती केली, आणि तिथे फसली. कारखान्याच्या दारात सगळ्यांच्या नावाच्या काळ्या लाकडी पाट्या टांगलेल्या असतात ना, त्यांची मागची बाजू तिने लाल रंगवली. महिन्यात ज्याच्यावर रजेची पाळी असेल आणि तो घेणार नाही, त्याची पाटी लाल. तिला वाटलं गंमत होईल. गंमत कसली! लाल पाटी म्हणजे सगळ्यांसमोर लाज, आणि रजा घेणं म्हणजेही लाजच. मग माणसांनी मधला रस्ता शोधला. अर्ज भरायचा, पाटी काळी ठेवायची आणि कामाला मागच्या दाराने यायचं.

समुद्राकडच्या त्या दाराची किल्ली इत्सुकोकडे होती. आप्पांनी दिलेली. पहिल्या रजेच्या दिवशी ती एकटीच माळ्यावरच्या गोदामात जाऊन आप्पांच्या जुन्या मशीनवर बसली. दुसऱ्या वेळी दार उघडते, तर बाहेर तोकुदा उभा. त्याचीही रजाच होती. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. मग अजून दोघी आल्या. चौघं वर लपून काम करायची आणि खालून पावलं वाजली की श्वास रोखायची. खरं सांगायचं, तर तिथे त्यांना मजाच यायची. कोणी हाक मारायचं नाही, फोन नाही, आणि तोकुदा चहा फक्कड करायचा.

यासुहिरो, म्हणजे इत्सुकोचा धाकटा भाऊ, दहाला गाडी घेऊन आला. ओसाकात राहून कारखान्याचा माल विकणारा माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा. दारातूनच ओरडत आला, "वहिनी, उदोन! चार तास गाडी चालवतोय." मग आप्पांच्या तसबिरीपुढे बसला, हात जोडले आणि सगळ्यांबरोबर उभ्या उभ्या उदोन भुरकलं. महाराज आले, मंत्र झाले, धूप झाला. जेवणं होऊन महाराज गेले आणि मासुमी वहिनीने चहाबरोबर संत्र्याच्या मिठाईचा डबा मध्ये ठेवला.

"ही इत्सुकोने आणलेली," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात रजेवर गेली होती ना, मात्सुयामाच्या गरम झऱ्यांवर. आयुष्यात पहिल्यांदा!"

यासुहिरोने डबा उलटा करून बघितला. "मात्सुयामा? ताई, ही तर आपल्या हमरस्त्यावरच्या थांब्यावर मिळते. आत्ता येताना मी तिथे लघवीला थांबलो होतो. ढीग लावलेत."

"तिथेही मिळत असेल," इत्सुको म्हणाली. कान तापल्याचं तिला आतून कळत होतं.

"वीस वर्षं मात्सुयामात माल विकतोय मी. तिथे ही मिळत नाही."

"अरे, मिठाई खायची सोडून पत्ता काय वाचतोयस?" मासुमी वहिनीने डबा त्याच्या हातातून काढून घेतला. इत्सुकोकडे तिने एकदाच बघितलं आणि चहा ओतायला लागली.

शिगेहारुने दुखरा गुडघा लांब केला. अडुसष्टाव्या वर्षी जिने चढणं त्याला होत नव्हतं. "हं. आता कामाचं बोलू. एप्रिलपासून चिनात्सुने माझ्या जागी बसावं असं मला वाटतं. यासु, तुझं म्हणणं होतं की तिचं हे रजेचं खूळ कारखाना बुडवील. तिचं ऐकून घे, मग बोल. चिनात्सु, सांग."

चिनात्सुने फाइल उघडली. पोरगी बोलली छान. रजेवरून आलेला माणूस चुका कमी करतो. दोघांना काम येत असेल, तर कोणावाचून अडत नाही. सहा महिन्यांत एकतीस रजा झाल्या, माल मात्र वाढला. तिच्या आवाजात एवढा आनंद होता, की इत्सुकोने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"रजा, रजा, रजा!" यासुहिरो म्हणाला. "आप्पांनी घेतली होती का कधी रजा? एक दिवस? गेले तेसुद्धा कातडं कापायच्या टेबलावर, हातात कात्री. असा माणूस होता! ओसाकात मी अजून अभिमानाने सांगतो."

"ती कात्री मी सोडवली त्यांच्या बोटांतून," मासुमी वहिनी म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली, की यासुहिरोला आधी ऐकूच गेलं नाही.

"काय?"

"कात्री. बोटं घट्ट झाली होती, एकेक करून उघडावी लागली. तू संध्याकाळी पोचलास ओसाकाहून, तोवर मी हात नीट जुळवून ठेवले होते. आदल्या आठवड्यात मला म्हणाले होते, 'छातीत भरून येतंय, पण मी नसलो तर कापणार कोण?' तुला अभिमान वाटतो, वाटू दे. मला नाही वाटत."

यासुहिरोने चहाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. विकणारा माणूस असला, तरी दगड नव्हता तो.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "वहिनी, मी हरलो. चिनात्सु, आकडे खरे असतील तर माझी हरकत नाही. तूच बस खुर्चीवर. एकच विचारतो, कारण गिऱ्हाइकाला मला तोंड दाखवायचंय. ताई रजेवर असताना अंगठे कोणी बसवले?"

"मिवाने," चिनात्सु म्हणाली. "एकटीने. एक जोड परत आलेला नाही, काका."

आता गप्प बसलं की झालं, हे इत्सुकोला कळत होतं. एक शब्द बोलायचा नाही. पोरीला खुर्ची मिळेल, दादाच्या गुडघ्याला आराम मिळेल, आणि आपल्याला आपलं मागचं दार. पण एप्रिलनंतर ही पोरगी त्याच आकड्यांवर उभी राहून पुढचं ठरवणार, खाली जमीन नसताना. इत्सुकोला ते बघवेना. तिने पिशवीतून किल्ली काढली आणि मिठाईच्या डब्याशेजारी ठेवली.

"मात्सुयामाला मी गेलेच नाही," ती म्हणाली. "माळ्यावर होते. पाचही रजा. मागच्या दाराने यायचे."

"काय?" चिनात्सु हसलीच आधी. मग तिने किल्लीकडे बघितलं. "आत्या, काय बोलतेयस तू?"

"एकटी नव्हते. आम्ही चौघं. तुझ्या एकतीस रजांपैकी अकरा रजा खोट्या आहेत. दार मी उघडायचे, त्यांना दोष देऊ नकोस."

चिनात्सुने फाइल मिटली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी रडायच्या आधी व्हायच्या तशा.

"मिवाचे अंगठे खराब होते म्हणून? मला सांगायचंस ना. मी तिला अजून वेळ दिला असता."

"खराब नव्हते."

"मग?"

इत्सुकोला वाटलं, इथे थांबावं. पण आता निम्मं बाहेर आलं होतं. "तिने दिवसभरात शिवलेल्यांतले काही दुसऱ्या दिवशी पहाटे वर नेऊन उसवायचे आणि पुन्हा शिवून टोपलीत ठेवायचे. पहिल्या वेळी चाळीस उसवले. त्यातले पाच-सहा वाकडे होते. बाकीचे चांगले होते गं. चांगले असून उसवले."

"पण का?"

"भीती वाटली मला!" तिचा आवाज फुटला. "अंगठा तिला यायला लागला, तर मी कोण? घर वहिनीचं, कारखाना दादाचा. लग्न केलं नाही, पोर नाही, बाळ नाही. माझं म्हणून काय आहे या घरात? ती एक खुर्ची. भिंतीकडे तोंड केलेली. तीपण तू कागदावर लिहून दुसरीला देतेस आणि वर म्हणतेस, आत्या, जरा फिरून ये!"

मासुमी वहिनी उठून तिच्या शेजारी येऊन बसली. नुसती गुडघ्याला गुडघा लावून.

"आणि मागच्या महिन्यात एकही उसवला नाही," इत्सुको नाक पुसत म्हणाली. "माझे आणि तिचे टोपलीत एकत्र पडले, आणि मला ओळखूच येईनात. उजेडात नेऊन बघितले, तरी नाही. त्रेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

चिनात्सु खाली मान घालून बसली होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "लाल पाट्या मी लावल्या. काका, आकडे खोटे आहेत. मी शब्द मागे घेते. तुम्ही म्हणाल तसं."

"थांब, थांब, थांब," यासुहिरो म्हणाला आणि त्याने फाइल स्वतःकडे ओढली. चष्मा कपाळावर चढवून तो आकडे बघायला लागला. "मला एक सांगा. ताईच्या टेबलापाशी पूर्वी हा एवढा ढीग असायचा. सगळे हातमोजे येऊन अंगठ्यापाशी अडायचे. दर पावसाळ्यात मी फोन करून शिव्या द्यायचो, 'ढीग हलला का?' म्हणून. तो ढीग कुठे गेला?"

"नाहीये," चिनात्सु म्हणाली. "दोघी बसतात ना."

"मग! आणि ताई, तू वर काय केलंस? शिवलेलं उसवलंस आणि पुन्हा शिवलंस. म्हणजे एक जोड दोनदा. त्याने आकडा वाढतो का? तिघं बाकीची काय करायची?"

"कातडं कापायची, हातमोज्यांची बोटं उलटायची..." इत्सुको म्हणाली.

"आणि चहा प्यायची! चार म्हातारी माणसं माळ्यावर लपून चहा पीत अशी किती जोड काढणार? दोन? तीन? अठ्ठावीस नाही ना!"

"आम्ही काम करत होतो हं!" इत्सुको भडकली. "उगाच बोलू नकोस!"

"ताई, तुझी सगळी मेहनत पाण्यात गेलीय, एवढंच सांगतोय मी. माल तुझ्या चोरीने नाही वाढला. पोरीच्या युक्तीने वाढला."

मासुमी वहिनीला हसू आवरेना. आधी ती हसली, मग यासुहिरो, आणि इत्सुकोलाही रडता रडता हसू फुटलं. असला अपमान तिचा जन्मात झाला नव्हता, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं.

"आप्पांच्या मशीनचा आवाज मला यायचा," शिगेहारु एकाएकी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"त्याचं चाक जरा रडतं ना. खालच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायचो. म्हटलं, हिला तिथे बरं वाटतंय, तर कशाला..."

"बाबा!" चिनात्सु ओरडली. "तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला इथे सगळ्यांसमोर आकडे मांडू दिलेत?"

"मला वाटलं, ती एकटीच आहे," शिगेहारु पुटपुटला आणि गुडघा चोळायला लागला. "चौघं आहेत हे कुठे माहीत होतं?"

"हे घर!" चिनात्सुने दोन्ही हात वर केले. "या घरात एक माणूस सरळ काही सांगेल तर शपथ!"

मग तिने किल्ली उचलली, मुठीत धरली आणि आत्याकडे वळून बसली. रागावली होती, पण ताठ बसली होती. आप्पा कारागिराला काम सांगताना असेच बसायचे.

"लाल पाट्या उद्या सकाळी उतरतील. परत येताना मिठाई आणायची नाही, टेबलाटेबलापाशी वाकायचं नाही. आणि उद्यापासून तीन दिवस तुझी रजा, आत्या. खरी. किल्ली माझ्याकडे राहील."

"आणि एप्रिलपासून तीन महिने असेच मोज," यासुहिरो म्हणाला. "मागचं दार बंद ठेवून. आकडा टिकला तर खुर्ची तुझी. जुलैत मी स्वतः येऊन तुला बसवीन."

"टिकेल," चिनात्सु म्हणाली.

पहिल्या दिवशी इत्सुको सवयीने पाचला उठली, कपडे केले, मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथे आठवलं. परत फिरायचं कुठे? ती समुद्राच्या बांधावर बसली. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली. त्या दाराने रोज जायची यायची, पण भर दुपारी तो समुद्र तिने शेवटचा कधी बघितला होता, ते काही तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोपली आणि जाग आल्यावर आपण आजारी पडलो की काय, म्हणून कपाळाला हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी आगगाडीने खरोखरच मात्सुयामाला गेली आणि बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत गरम पाण्यात बसून राहिली. येताना मिठाईच्या दुकानापुढे थबकली. हात पाकिटाकडे गेलाही होता. तशीच पुढे निघाली.

चौथ्या दिवशी ती पुढच्या दाराने कारखान्यात शिरली. पाट्या काळ्या होत्या, दोन्हीकडून. हात रिकामे, म्हणून ते ठेवावेत कुठे, हेच तिला कळेना. तिच्या खुर्चीवर मिवा बसली होती. टेबलाशेजारी ढीग नव्हता.

"मला माफ करा, माझ्यामुळे..." इत्सुकोने वाकायला सुरुवात केली.

"इत्सुकोसान, ते बंद झालंय ना!" मिवा धडपडत उठली. "बसा, बसा तुम्ही."

"काही अडलं का गं?"

मिवाने क्षणभर विचार केला. खोटं बोलणारी पोर नव्हती ती. "नाही," ती म्हणाली. "काहीच नाही अडलं."

इत्सुकोला आत सुई टोचल्यासारखं झालं. बोटात नाही, दुसरीकडेच कुठेतरी. याचीच भीती घेऊन ती सहा महिने माळ्यावर बसली होती, आणि आता ते समोर येऊन उभं होतं. तिच्यावाचून तीन दिवस काही अडलं नव्हतं.

"तूच बस," ती म्हणाली, आणि बाजूचं स्टूल ओढून घेतलं. स्टूलाचं तोंड भिंतीकडे नव्हतं. बसल्यावर तिला सगळा कारखाना दिसला, आणि सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. खिडकीपाशी तिचा पेला धुऊन उपडा ठेवलेला होता.

"मग?" तोकुदाने कात्री खाली ठेवली. "आम्ही तीन दिवस थांबलोय. सांगा की, काय केलंत?"

"झऱ्यावर गेला होतात म्हणे! पाणी खरंच एवढं कढत असतं?"

"एकट्याच गेलात?"

एकेक मशीन थांबत गेलं. चिनात्सु दारात येऊन उभी राहिली, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, एकदा सुस्कारा टाकला, आणि मग तीही एक खोकं ओढून बसली.

इत्सुकोने घसा साफ केला. एवढ्या लोकांसमोर ती आजवर कामाशिवाय काही बोलली नव्हती.

"आपल्या मागचा समुद्र," ती म्हणाली, "दुपारी हिरवा असतो. माहीत होतं का तुम्हाला कोणाला?"

कोणालाच माहीत नव्हतं.